हिल टॉपची खरेदी

शहरांत आयुष्य घालविणाऱ्या माणसाच्या मनांत बहुधा एक लहानसें स्वप्न दडलेलें असतें. एखाद्या बाजारगांवापासून फार दूर नाहीं, पण गोंगाटाबाहेर, थोडी जमीन असावी; तींत एक जुनें घर असावें; परसांत भाजीपाला आणि दारांत गुरेंवासरें असावींत. पुष्कळांच्या बाबतींत तें स्वप्नच राहतें. थोड्यांना तें विकत घेतां येतें. परंतु विकत घेतल्यानंतर त्या जमिनीचें आणि त्या गांवाचें पुढें काय होतें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खरेदीखतावर सही झाली कीं व्यवहार संपला, असें घेणाऱ्याला वाटतें. वास्तविक तो तेथून सुरू होतो. इंग्लंडच्या इतिहासांत अशा एका खरेदीची हकीकत आहे. जमीन अवघी ३४ एकर. घेणारी एक अविवाहित शहरी बाई. परंतु त्या खरेदीचे परिणाम एका सबंध डोंगरी मुलुखाला आजतागायत जाणवत आहेत.

हा मुलूख म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट, सरोवरांचा प्रदेश. उघडेबोडके डोंगर, त्यांच्या पायथ्याशीं लांबट निळीं तळीं, आणि चुन्यामातीवांचून नुसते दगडावर दगड रचून बांधलेले मैलच्या मैल गडगे, असें त्याचें रूप आहे. ह्या दऱ्यांतून शेंकडों वर्षें लहान लहान शेतकरी मेंढ्या पाळून राहत. वंशपरंपरेनें चालत आलेल्या हक्कानें ते जमीन कसत आणि तिच्याबद्दल धन्याला किरकोळ देणें देत. त्यांना तेथें ‘स्टेट्समन’ म्हणत. ह्या शब्दाचा येथें मुत्सद्देगिरीशीं संबंध नाहीं; आपल्याकडे जसा मिरासदार, तसा तो आपल्या ‘इस्टेटी’चा धनी, एवढाच त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकांत ही जुनी मंडळी हळूहळू नाहींशी होऊं लागली. घरांतलें सूतकताईचें काम गिरण्यांनीं हिरावून घेतलें, कर्ज वाढलें, पोरें शहराकडे गेलीं आणि जमिनी विकल्या जाऊं लागल्या.

त्याच सुमारास विकत घेणारेही आले. लिव्हरपूल, मँचेस्टर येथील व्यापारी आणि गिरणीवाले ह्या तळ्यांकांठीं बंगले बांधूं लागले. विंडरमिअर तळ्याच्या पश्चिम तीरावर लिव्हरपूलच्या एका शस्त्रवैद्यानें १८४० नंतरच्या दशकांत जुन्या किल्ल्याची नक्कल करून रे कॅसल नांवाची प्रचंड इमारत उठविली. १८४४ सालीं आगगाडीचा बेत निघाला तेव्हां वृद्ध कवि वर्ड्स्वर्थ ह्यांनीं वृत्तपत्रांतून त्याला कसून विरोध केला. तरी १८४७ सालीं विंडरमिअरला गाडी आलीच. ह्या नव्या मंडळींना डोंगर हवा होता, पण डोंगरावरचा मेंढपाळ त्यांच्या लेखीं देखाव्याचा एक भाग होता. ज्या वस्तूच्या ओढीनें ते आले, तीच वस्तु त्यांच्या येण्यानें झिजूं लागली. पुढील हकीकत ह्या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे.

बीट्रिक्स पॉटर ह्यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजीं लंडनमध्यें एका सुखवस्तु घराण्यांत झाला. आजोबा एडमंड पॉटर ह्यांचा मँचेस्टरजवळ कॅलिको म्हणजे सुती कापडावर छपाई करण्याचा मोठा कारखाना होता. कॅलिको हा शब्द आपल्या कालिकत बंदरावरून आलेला. छिटें छापण्याची विद्या हिंदुस्थानांतून युरोपांत गेली, तेथें यंत्रावर चढली, आणि तिनें मिळविलेल्या पैशावर लंडनमधील हें घर उभें होतें. वडील बॅरिस्टर झाले होते, परंतु वकिलीची त्यांना गरज नव्हती. मुलीला शाळेंत घातलें नाहीं. घरीं शिक्षिका ठेवली. एकलकोंडें बालपण ससे, उंदीर, बेडूक, पालींसारखे प्राणी पाळण्यांत आणि त्यांचीं चित्रें काढण्यांत गेलें. पुढें त्यांनीं भूछत्रांचा शास्त्रीय अभ्यास केला. १८९७ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें त्यांचा निबंध मांडला गेला. पण त्या सभेंत स्त्रियांना प्रवेश नसल्यामुळें तो दुसऱ्यानें मांडावा लागला.

उन्हाळ्यांत हें कुटुंब दूर खेड्यांत मोठें घर भाड्यानें घेऊन राही. १८८२ सालीं तें घर म्हणजे वर सांगितलेलें रे कॅसलच होतें. तेथें हार्डविक रॉन्स्ली नांवाचे उत्साही पाद्री त्यांना भेटले. सरोवरांचा हा मुलूख धनिकांच्या कुंपणांत जाऊं नये, ह्यासाठीं रॉन्स्ली जन्मभर झगडले. १८९५ सालीं ऑक्टाव्हिया हिल व रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह त्यांनीं ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था स्थापिली. उत्तम स्थळें व जुनीं घरें राष्ट्राच्या वतीनें ताब्यांत घ्यावयाचीं आणि जतन करावयाचीं, हा तिचा उद्देश. सोळा वर्षांच्या मुलीच्या मनांत पडलेलें हें बीज उगवण्यास बराच काळ लागावयाचा होता.

मध्यंतरीं त्या लेखिका झाल्या. १८९३ सालीं एका आजारी मुलाचें मन रमविण्यासाठीं त्यांनीं पत्रांतून एका खोडकर सशाची सचित्र गोष्ट लिहून पाठविली. प्रकाशकांनीं तिला नकार दिला, तेव्हां १९०१ सालीं त्यांनीं ती स्वखर्चानें छापली. १९०२ सालीं फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनीनें ती रंगीत चित्रांसह काढली आणि ‘पीटर रॅबिट’चें नांव घरोघर झालें. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यांच्या हातीं स्वतःचा बराच पैसा आला. प्रकाशकांच्या घरांतील नॉर्मन वॉर्न हे त्यांच्या पुस्तकांचें काम पाहत. १९०५ च्या जुलैमध्यें त्यांनीं मागणी घातली आणि बाईंनीं ती स्वीकारली. आईवडिलांनीं मात्र धंदेवाईक माणूस आपल्या तोलाचा नाहीं, म्हणून विरोध केला. कापडाच्या कारखान्यावर मोठ्या झालेल्या घराण्यानें असें म्हणावें, ही त्या काळच्या प्रतिष्ठेची तऱ्हा. वाद मिटण्याची वेळ आलीच नाहीं. सुमारें महिनाभरांतच, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या विकारानें वारले.

त्याच वर्षाच्या अखेरीस हिल टॉपची खरेदी झाली. जागा पाहून ठेवलेली होती. दुःखानंतरही बेत सोडला नाहीं, एवढेंच. हॉक्सहेड हें त्या भागांतलें लहानसें जुनें बाजारगांव. एके काळीं तेथें लोकरीचा मोठा बाजार भरे, आणि १५८५ सालीं स्थापन झालेल्या तेथील शाळेंत वर्ड्स्वर्थ शिकले होते. ह्या गांवापासून दोनेक मैलांवर निअर सॉरी हें खेडें आहे. तेथें सतराव्या शतकांतलें एक साधें शेतघर, भोंवतीं गोठे आणि ३४ एकर जमीन, अशी ती शेतवाडी होती. पुस्तकांचें उत्पन्न आणि नात्यांतून आलेला थोडा वारसा मिळून किंमत भागली. ती २,८०० पौंडांच्या घरांत होती. आणि आधींच्या धन्यानें हीच वाडी थोड्याच महिन्यांपूर्वीं जवळजवळ निम्म्या पैशांत घेतली होती. लंडनच्या बाईला फसविलें, म्हणून गांवांत हंसें झालें. शहरी गिऱ्हाईक पाहून भाव चढतो, हा जगाचा जुनाच नियम आहे.

ह्यापुढें बाईंनीं जें केलें त्यांत त्यांचें वेगळेपण दिसतें. घरांत पूर्वींपासून एक कूळ सहकुटुंब राहत होतें. जागा विकत घेणारा बहुधा अशांना प्रथम बाहेर काढतो. बाईंनीं तें कूळ ठेवलें. १९०६ सालीं जुन्या घराला जोडून नवीन भाग बांधला आणि तो कुळाला राहावयास दिला. जुना भाग स्वतःकडे ठेवला. नव्या भिंतीवर आपलीं आद्याक्षरें व सालाचा आंकडा कोरविला. जुन्या भिंतींच्या पोकळींत उंदरांचा सुळसुळाट होता. दुसरा कोणी कंटाळून निघून गेला असता. बाईंनीं बंदोबस्त तर केलाच, शिवाय त्या उंदरांवर एक पुस्तक लिहिलें. परसांतला वाफा, दगडी फरशीची वाट, जिन्याचा वळसा, कोंबड्याबदकें, सर्व त्यांच्या पुस्तकांत जसेंच्या तसें उतरलें. ह्या पुस्तकांच्या विक्रीनें वाडीचा खर्च भागे, आणि वाडी पुढील पुस्तकाला विषय पुरवी.

तरीही पहिलीं आठ वर्षें त्यांना तेथें नीट राहतां आलें नाहीं. अविवाहित कन्येनें वृद्ध आईबापांच्या सेवेंत असावें, ही रीत होती. लंडनहून सवड काढून कांहीं दिवस यावें आणि परत जावें, असा क्रम चालला. पण येतील तेवढ्या दिवसांत त्यांनीं शेतीचे पाठ घेतले. डुकरें किती पाळावींत, गडगा कोठें ढासळला, गवत केव्हां कापावें, हें त्या कुळाकडून आणि शेजाऱ्यांकडून शिकल्या. कारखानदाराच्या नातीनें मेंढपाळाला गुरु मानलें, आणि गांवचें हंसणें हळूहळू मावळलें.

लगतचीं शेतें विकावयास निघालीं कीं बाई तीं घेत. त्या कामीं हॉक्सहेडचे सॉलिसिटर विल्यम हीलिस त्यांना मदत करीत. हद्दी कोणत्या, वाट कोणाची, पाण्यावर हक्क कोणाचा, हें जुन्या कागदांतून उकलून दाखविणारा मनुष्य खेड्यांतील खरेदींत सोन्याच्या मोलाचा असतो. १९०९ सालीं त्यांच्यामार्फत समोरची कॅसल फार्म ही वाडी घेतली. १९१३ च्या ऑक्टोबरांत बाईंनीं त्यांच्याशींच विवाह केला. वधूचें वय ४७ होतें. आईवडिलांनीं ह्याही खेपेला नाखुषी दाखविली, पण ह्या खेपेला ती चालली नाहीं. विवाहानंतरही बाईंची जमीन बाईंचीच राहिली. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नांवें मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क देणारा कायदा इंग्लंडांत १८८२ सालीं झाला होता. त्यापूर्वींच्या पिढींतल्या स्त्रीला हें शक्य नव्हतें. ह्या हकीकतींत त्या कायद्याचा वाटा मोठा आहे.

आतां त्या गांवांत ‘मिसेस हीलिस’ म्हणून राहूं लागल्या. डोळे अधू होत चालले होते. लेखन कमी झालें आणि मेंढ्या वाढल्या. ह्या मेंढ्यांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ह्या हकीकतीचें मर्म त्यांत आहे. त्या मुलुखांतली हर्डविक ही जात अतिशय काटक. कोंकरूं जन्मतः काळें असतें, आणि वय वाढेल तसतशी लोकर करडी होत जाते. डोंगरमाथ्यावरील कुरणांना कुंपण नसतें. तरीही प्रत्येक कळप आपापल्या टापूंत चरतो. कारण मेंढी आपल्या आईच्या पाठोपाठ हिंडून ती वहिवाट शिकते आणि पुढें आपल्या कोंकराला शिकविते. म्हणून वाडी विकली तरी कळप हलवीत नाहींत. जमिनीबरोबर तो नव्या धन्याकडे जातो. एकदां कळप मोडला कीं ती वहिवाट मोडली, आणि ती बाजारांतून विकत आणतां येत नाहीं. गालिचांना लागणारी ही जाडीभरडी लोकर पुढें कवडीमोल होऊं लागली, आणि शेतकरी दुसऱ्या जातींकडे वळूं लागले. डोंगर, गडगे, जुनें घर आणि कळप ह्या चार निरनिराळ्या वस्तु नसून एकच वस्तु आहे, हें बाईंनीं ओळखलें होतें. बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाईकाला पहिल्या तीन दिसतात; चौथी दिसत नाहीं.

१९२३ सालीं त्यांनीं ट्राउटबेक पार्क ही सुमारे १,९०० एकरांची डोंगरी वाडी घेतली. दरीच्या माथ्याशीं असलेली ही जागा इमारतींसाठीं तुकडे पडून विकली जाण्याचें भय होतें. कळपांत यकृताचा रोग पसरलेला. अनेक मेंढ्या मरत. बाईंनीं नवीं औषधें वापरून पाहिलीं, जाणता मेंढपाळ चांगल्या वेतनावर आणला आणि कांहीं वर्षांत कळप सुधारला. जत्रांतून त्यांच्या मेंढ्यांना बक्षिसें मिळूं लागलीं. जाड लोकरीचा झगा आणि लांकडी तळाचे जोडे घालून ही बाई मेंढ्यांच्या प्रदर्शनांत शेतकऱ्यांच्या शेजारीं उभी असे. पीटर रॅबिटची लेखिका ती हीच, हें परक्याला सांगूनही पटलें नसतें.

सार्वजनिक कामांतही त्या मागें राहिल्या नाहींत. १९११-१२ च्या सुमारास विंडरमिअर तळ्यावर पाण्यावरून उडणाऱ्या विमानांचे प्रयोग सुरू झाले, तेव्हां त्यांनीं पत्रें लिहून आणि सह्या गोळा करून विरोध केला. तळ्याकांठची कॉकशॉट पॉइंट ही जागा वाचविण्यासाठीं १९२७ सालीं त्यांनीं आपलीं चित्रें पुन्हां हातानें काढून अमेरिकेंतल्या वाचकांना विकलीं आणि ती रक्कम निधींत दिली. १९३० सालीं मंक कॉनिस्टन ही हजारों एकरांची जहागीर विक्रीस निघाली. ट्रस्टपाशीं तेवढा पैसा तयार नव्हता. बाईंनीं ती सबंध घेतली. ट्रस्टनें निधि जमविल्यावर अर्ध्याहून अधिक भाग त्याला मूळ किंमतीसच दिला, आणि कांहीं वर्षें त्या भागाची व्यवस्थाही स्वतःच पाहिली. छपरें शाकारणें, खंड ठरविणें, झाडें लावणें, कुळांचीं गाऱ्हाणीं ऐकणें, हें सर्व त्यांत आलें. त्या मवाळ मालकीण नव्हत्या. हिशेब चोख मागत आणि चुकारपणा खपवून घेत नसत. परंतु वाडी चालती राहिली पाहिजे, ह्या एका कसोटीवर त्यांचे निर्णय होत.

१९४३ सालीं हर्डविक मेंढपालकांच्या संघानें त्यांची पुढील वर्षाच्या अध्यक्षपदासाठीं निवड केली. मूळच्या शहरी स्त्रीला त्या पुरुषी जगांत मिळालेला हा मान पुस्तकांच्या कीर्तीहून लहान नव्हता. तें पद भूषविण्यापूर्वींच, २२ डिसेंबर १९४३ रोजीं, त्या वारल्या. त्यांची रक्षा त्यांच्या मेंढपाळानें सॉरीच्या वरच्या डोंगरावर विखुरली. जागा कोणती, हें त्यांच्या इच्छेप्रमाणें गुप्त राहिलें. १९४५ सालीं पति वारल्यावर चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि चौदा-पंधरा वाड्या नॅशनल ट्रस्टकडे गेल्या. १९०७ च्या कायद्यानें ट्रस्टला असा अधिकार मिळाला होता कीं, कायमची राखीव म्हणून ठरविलेली जमीन पुन्हां विकतां येऊं नये. मृत्युपत्रांत बाईंनीं आणखी एक अट घातली होती: डोंगरी वाड्यांवरचे कळप शुद्ध हर्डविक जातीचेच ठेवावे. केवळ जमीन दिल्यानें जमीन वांचत नाहीं, हें त्या चाळीस वर्षांच्या अनुभवानें जाणत होत्या.

त्यानंतरचा इतिहासही लक्षांत घेण्याजोगा आहे. १९४६ सालीं हिल टॉप लोकांना पाहण्यास खुलें झालें. १९५१ सालीं तो सर्व प्रदेश राष्ट्रीय उद्यान ठरला आणि २०१७ सालीं युनेस्कोनें त्याची जागतिक वारशांत गणना केली. २००१ सालीं गुरांमेंढ्यांत लाळ-खुरकताची भयंकर साथ आली; रोग पसरूं नये म्हणून हजारों मेंढ्या माराव्या लागल्या आणि हर्डविक कळपांवर मोठें संकट कोसळलें. तरी जात टिकली, कारण ठिकठिकाणीं जुने कळप राखलेले होते.

परंतु सारें गोड झालें असें नाहीं. पाहुण्यांची गर्दी एवढी कीं हिल टॉपच्या त्या लहान खोल्यांत वेळ नेमून सोडावें लागतें. त्या मुलुखांत घरांच्या किंमती चढल्या. पुष्कळ जुनीं घरें सुटींत येणाऱ्या धनिकांचीं झालीं, आणि स्थानिक तरुणांना आपल्याच गांवांत घर घेणें अवघड झालें. २०१६ सालीं तर एक विलक्षण प्रसंग घडला. बॉरोडेल दरींतील थॉर्नीथ्वेट नांवाची जुनी मेंढवाडी लिलावांत निघाली. घर निराळें आणि जमीन निराळी, असे तिचे भाग केलेले होते. नॅशनल ट्रस्टनें जमीन तेवढी घेतली, तीही अपेक्षित किंमतीहून बरीच जास्त देऊन. घर दुसऱ्याकडे गेलें. निसर्गरक्षण आणि पुराचें नियमन हा हेतु ट्रस्टनें सांगितला. शेतकरी मात्र संतापले. घरावांचून जमीन आणि जमिनीवांचून घर म्हणजे वाडीचा शेवट, असें ते म्हणाले. आणि ह्या वादांत बीट्रिक्स पॉटर ह्यांचें नांव पुन्हां पुन्हां निघालें. सत्तर वर्षांपूर्वीं वारलेल्या बाईची साक्ष शेतकऱ्यांनीं काढावी, ह्याहून त्यांच्या कामाची मोठी पावती कोणती?

हिल टॉपची हकीकत कोणा एका बाईच्या पुण्याईची कथा म्हणून सांगण्याचें कारण नाहीं. त्यांच्यापाशीं वडिलोपार्जित पैशाचा आधार होता, लोकप्रिय पुस्तकांचें उत्पन्न होतें, कायद्याची अनुकूलता होती आणि जाणता पति होता. हे योग सर्वांना येत नाहींत. परंतु ३४ एकर घेतांना त्यांनीं जें केलें तें कोणालाही करतां येण्याजोगें आहे. तेथें राहणाऱ्याला हलविलें नाहीं; जुन्या घराचें जुनेपण मोडलें नाहीं; जें येत नव्हतें तें शेजाऱ्यांकडून शिकून घेतलें; आणि आपल्यामागें त्या जमिनीचें काय व्हावें, ह्याची व्यवस्था जिवंतपणींच लावून ठेवली. खरेदीच्या दिवशीं त्यांना बाजारभावाच्या दुप्पट पैसे मोजावे लागले, म्हणून गांव हंसलें. चाळीस वर्षांनंतर त्याच गांवचे, त्याच डोंगरांतले शेतकरी त्यांना आपल्या संघाचें अध्यक्षपद देऊं करीत होते. जमिनीचें मोल खरेदीखतांत लिहिलेलें असतें. तिचा धनी होण्यास मात्र पुढचीं वर्षें खर्चावीं लागतात, आणि त्यांचा हिशेब गांव ठेवतें.